डाव्या पानावरचे जिभाऊ

जिभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी पडद्याला हात लावायचे. पाणी नंतर, ख्यालीखुशाली नंतर. दोन बोटांत कापड धरायचं, उजेडाकडे फिरवायचं आणि घरमालकाला ऐकवायचं, "ताणा सैल शे याचा." ताणा म्हणजे कापडातले उभे धागे. एकदा आमच्या शेजारच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या फेट्याचं टोक असंच चिमटीत धरलं होतं. नवरदेव बिचारा मान ताठ धरून उभा. जिभाऊंनी पाहिलं, "चांगलं शे," म्हणाले, आणि मगच त्याला आशीर्वाद दिला.

ते सुरतेच्या लिंबायतमध्ये आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायचे. खानदेशातल्या पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी. यंत्रमागाच्या कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. कतारगामच्या एका खात्यात त्यांची उमर गेली. लूमच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे ते कोणाशीही बोलले तरी सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. सगळे त्यांना जिभाऊ म्हणायचे, माझे पप्पाही आणि मीही. आता ते कामरेजला मुलाकडे असतात. त्यांच्याबद्दल लिही असं कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. मला नीट लिहिता येईल असं वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही. पण जिभाऊंनी एक कादंबरी लिहिली आहे, आणि त्या कादंबरीमुळे मी एकदा मोठी चूक केली. ती चूक दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

जिभाऊंना शांततेत लिहिता यायचं नाही. खात्यात असताना लूमच्या आवाजातच, दोन लूमच्या मधल्या अरुंद जागेत उभं राहून ते लिहायचे. घरी बसायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. घर सुनं सुनं, शब्द सुचेना. मग त्यांनी मिक्सर लावला. भांड्यात काही नाही, नुसता रिकामा मिक्सर घुर्रर्र फिरतोय आणि जिभाऊ शेजारी बसून लिहितायत. त्यांच्या बायकोला आम्ही ताई म्हणायचो; त्या ओरडायच्या, "अहो, बंद करा तो! रिकामा फिरी ऱ्हायना, जळी जाई ना!"

"एक पान ऱ्हायनं फक्त," जिभाऊ म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी मिक्सर जळाला. त्यानंतर ते गल्लीच्या टोकाला असलेल्या एम्ब्रॉयडरीच्या खात्याच्या पायरीवर जाऊन बसू लागले. तिथल्या मालकाला आधी वाटलं, हा म्हातारा कामावर नजर ठेवायला आलाय. मग त्याला सवय झाली. दुपारी तो चहा पाठवताना एक कप जास्तीचा पाठवायचा.

लिहायला त्यांच्याकडे वह्या नव्हत्या. यार्नच्या, म्हणजे सुताच्या, खोक्यात बॉबिनांच्या दोन थरांमध्ये पुठ्ठा घातलेला असतो. ते पुठ्ठे खात्यात फेकून देतात. जिभाऊ ते घरी आणायचे. प्रत्येक पुठ्ठ्यावर बॉबिनांचे गोल ठसे उठलेले असायचे आणि त्या ठशांच्या मधून त्यांचं बारीक अक्षर वळत वळत जायचं. खाटेखाली दोन थप्प्या होत्या. एक डावी, एक उजवी. त्या मिसळल्या तर ताईंची काही खैर नव्हती.

मी अकरावीत असताना त्यांनी मला बोलावलं. माझं अक्षर चांगलं आहे हे पप्पांनी त्यांना सांगितलं होतं. "हाई सगळं कागदवर उतारी दे," ते म्हणाले. "पन एक कायदा शे. डावी पानं दिवसा लिखाची. उजवी पानं संध्याकाळले सात वाजानंतर."

मी विचारलं, "का?"

"तो रातपाळीले जास ना," जिभाऊ म्हणाले. जणू कोणी खरोखरच डबा घेऊन निघायच्या तयारीत आहे.

मी कायदा पाळला. कॉलेजमध्ये हे सांगितलं तर कोणी हसेल, पण सातच्या आधी उजवं पान उघडलं की मलाच चोरी केल्यासारखं वाटायचं.

कादंबरी अशी आहे. पुस्तक उघडलं की डाव्या पानावर एक माणूस आणि उजव्या पानावर दुसरा. डाव्या पानावरचा दिवसपाळीचा, उजव्या पानावरचा रातपाळीचा. दोघं एकाच खोलीत राहतात आणि एकाच खाटेवर झोपतात, पण कधी एकत्र झोपत नाहीत, कारण एक आला की दुसरा गेलेला असतो. एकच खाट, एकच गोधडी, एकच ताट. दोघांनाही नाव नाही. एक काहीतरी मागे ठेवून जातो, दुसरा ते बघतो. ताटाखाली झाकलेली अर्धी भाकरी. मच्छरदाणीची वेगळ्याच पद्धतीने मारलेली गाठ. वाटीत उरलेला कांदा. एवढ्यावरून एकाला दुसरा कळत जातो. डाव्या पानावरचं उजव्या पानावर कधीच जात नाही. दोघांची भेट फक्त सात वाजता, लूमपाशी होते, आणि लूम बंद नसतात म्हणून तिथे बोलणं होत नाही. हाताने खूण करायची की तिसऱ्या लूमवर धागा तुटतोय, झालं. जिभाऊ पुस्तक उघडून मधली शिवण दाखवायचे आणि म्हणायचे, "हाई सात वाजनात."

आता मुख्य गोष्ट सांगते. उजव्या पानावरचा माणूस म्हणजे माझे पप्पा.

हे आमच्या घरात कोणी कधी लपवलं नाही. पप्पा शिरपूरकडून सुरतेत आले तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. जिभाऊंचं कुटुंब गावीच होतं. दोघांनी मिळून कतारगामला एक खोली घेतली. म्हणजे खोलीतली एक खाट घेतली, कारण बाकीच्या दोन खाटा दुसऱ्या लोकांच्या होत्या. दोघं एकाच खात्यात होते आणि तिथे पाळ्या बदलत नव्हत्या. जिभाऊ दिवसा, पप्पा रात्री. अशी चार वर्षं गेली. सुरतेत हे नवल नाही. आमच्या गल्लीत असे कितीतरी काका आहेत जे एका खाटेचे जोडीदार आहेत आणि एकमेकांच्या मुलांच्या लग्नात भावासारखे उभे राहतात.

पुढे कितीतरी वर्षांनी जिभाऊ कादंबरी लिहायला लागले तेव्हा ते पप्पांना रोज एक प्रश्न विचारायचे. पप्पा जेवत असायचे आणि दारातून आवाज यायचा, "तू उठना की आधी काय करे?" पप्पा घास गिळून सांगायचे, आधी चप्पल शोधायचो. जिभाऊ निघून जायचे. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न. आई म्हणायची, "पोलीस तरी एवढं विचारत नसतील."

धुळ्याच्या एका छोट्या प्रकाशकाने पुस्तक काढायचं कबूल केलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी जिभाऊंजवळच होते. प्रकाशक म्हणाले, उजव्या पानांवर बऱ्याच जागा कोऱ्या आहेत, आपण सगळं सलग लावू, आधी दिवसपाळी पूर्ण, मग रातपाळी, वाचकालाही सोपं जाईल. जिभाऊ एवढ्या मोठ्याने "नही" म्हणाले की फोनची गरज उरली नाही. "त्याले वेगळं घर दी दिधं तर मंग कादंबरी कशानी?"

पुस्तक आलं आणि आमच्या गल्लीने ते कसं वाचायचं हे कोणी न सांगता ठरवून टाकलं. दोघंदोघं बसून. बाकावर दोन माणसं, मांडीवर पुस्तक, एक डावं पान वाचणार, दुसरा उजवं. वाचून झालं की डावीकडचा मान हलवायचा आणि उजवीकडचा पान उलटायचा. भाजीवाल्या मावशी आणि त्यांची सून अशा वाचत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. सून सासूला म्हणत होती, "आई, थांबा ना, माझा अजून कामावर पोचला नाही."

पहिली टीकाही गल्लीतच झाली. कतारगामच्या त्याच जुन्या खात्यातले एक काका पुस्तक घेऊन आले. "जिभाऊ, किताब एक नंबर. पन एक मिस्टेक झाली. सेहेचाळीस पानावर तुम्ही उजव्या हाताने दांडा ओढून लूम थांबवली. त्या तिसऱ्या लूमचा दांडा डावीकडे होता."

जिभाऊंनी डोळे मिटले. हात हवेत धरला, डावा हात ओढून पाहिला. "खरं शे," म्हणाले. मग घरात जेवढ्या प्रती होत्या त्या सगळ्यांत पान सेहेचाळीसवर 'उजव्या' खोडून वर पेनाने 'डाव्या' लिहिलं. गल्लीतल्या लोकांच्या घरी जाऊनही दुरुस्त केलं, पडद्याला हात लावून झाल्यावर. एवढ्या आदराने त्यांनी दुसऱ्या कोणाचीही टीका ऐकलेली मला आठवत नाही.

छापील परीक्षणं नंतर आली. पहिलं दहा ओळींचं होतं. लेखकाला कादंबरीच्या रचनेची कल्पना नाही, पानांचा मेळ बसत नाही, असं त्यात होतं. जिभाऊंना फार वाईट वाटलं नाही. "एकटा वाचत बसना व्हई," ते म्हणाले.

दुसरा लेख मोठा होता. तो एका नावाजलेल्या समीक्षकांनी लिहिला होता. या सरांचे लेख आमच्या अभ्यासाच्या पुस्तकांतही आहेत. त्यांनी कादंबरीचं मनापासून कौतुक केलं होतं. भाषेचं, काटकसरीचं, कोऱ्या जागांचं. आणि त्यांनी लिहिलं होतं की डाव्या आणि उजव्या पानावरचा माणूस मुळात एकच आहे. खाट एक, गोधडी एक, ताट एक, नाव नाही. हे एकाच कामगाराचं दुभंगलेलं मन आहे, आणि दोघांमध्ये एकही संवाद नसणं म्हणजे त्या मनाचा स्वतःशी तुटलेला संबंध आहे.

मी तो लेख जिभाऊंना पायरीवर बसून तीनदा वाचून दाखवला. एम्ब्रॉयडरीची मशीनं चालू होती, त्यामुळे मलाही ओरडून वाचावं लागलं. 'दुभंगलेलं मन' हे शब्द मी गल्लीच्या टोकाला ओरडत होते. जिभाऊ शांतपणे ऐकत होते. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाले, "भलतं चांगलं लिखेल शे." माझ्या हातातला अंक उलटून पाहिला. "पन हाई कोन्तं पुस्तक शे?"

मग त्यांना हसू आलं. "संवाद नही म्हणस! मशीन चालू ऱ्हास तव्हय कोन बोलस?"

त्या लेखामुळे पुस्तकाचं नाव झालं हे मात्र खरं. आमच्या कॉलेजात मराठी घेणारे आम्ही फक्त अकरा जण. मॅडमनी ठरवलं की सुरतेत लिहिलेल्या या कादंबरीवर सुरतेतच एक चर्चासत्र करायचं. ते समीक्षक सर येणार होते. आणि मॅडमनी मला निबंध वाचायला सांगितला, कारण मी हस्तलिखित उतरवलं होतं.

मी तीन आठवडे निबंध लिहिला. सरांचा लेख समोर ठेवून लिहिला. त्यांनी दुभंगलेलं मन म्हटलं होतं, मी आणखी चार ठिकाणी ते कसं दिसतं ते दाखवलं. मच्छरदाणीची गाठ म्हणजे मनाची गाठ, असंही लिहिलं. मॅडम म्हणाल्या, छान, अगदी अभ्यासू झालाय. मला खूप आनंद झाला. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. अभ्यासू हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच येत होता.

जिभाऊंना निबंध वाचून दाखवायला मी मोठ्या हौसेने गेले. त्यांनी सगळा ऐकला.   निबंध संपला. त्यांनी माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं, पण कापडाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मंग तुन्हा बाप कोठे गया?" त्यांनी विचारलं.

मला कळलंच नाही. म्हणजे पहिले काही क्षण खरंच कळलं नाही.

"त्या खाटवर दोन मानसं व्हतात, माय. तू एक काढी टाका. कोन्ता काढा?"

मी घरी आले. पप्पा कामावर होते. त्यांची चप्पल दारात नव्हती, आणि ते पाहून मला रडू आलं. मला माहीत होतं की ती दोन माणसं आहेत. जेवताना प्रश्न विचारले जायचे तेव्हा मी समोर बसलेली असायची. उजवी पानं सातनंतर मीच लिहिली होती. तरी मी निबंधात पप्पांना पुसून टाकलं, कारण छापलेल्या लेखात ते नव्हते. मला वाटायचं की आपल्याला घरात जे माहीत असतं ते ज्ञान नसतं. ज्ञान पुस्तकात असतं. ते बाहेरून येतं आणि आपण ते नीट उतरवून घ्यायचं. माझं अक्षर चांगलं आहे ना.

चर्चासत्राच्या दिवशी निबंध हातात होता, कारण दुसरा लिहायला मला धीर झाला नव्हता. सर पहिल्या रांगेत बसले होते. साधे, वयस्कर, पांढऱ्या शर्टातले. मी त्यांची कल्पना फार उंच माणूस म्हणून केली होती. जिभाऊ शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ बसले होते. सभागृहात शिरताना त्यांनी पडद्याला हात लावलेला मी पाहिला होता.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य वाचलं. "या कादंबरीतील दुभंगलेले मन..." मागून जिभाऊंचा आवाज आला, "जोरात बोल, ऐकू येत नही!"

सगळे हसले.  मला ते वाक्य पुन्हा जोरात म्हणायचं होतं आणि ते तोंडातून निघेना. पायरीवर ओरडून म्हटलं होतं, तेव्हा निघालं होतं. आता सगळ्यांसमोर, जिभाऊंसमोर, निघेना. मी निबंधाची पानं टेबलावर उलटी ठेवली.

"सर," मी म्हणाले, "माझं चुकत असेल तर माफ करा. पण ती दोन माणसं आहेत. उजव्या पानावरचे माझे पप्पा आहेत."

मग मी सगळं सांगितलं. नीट क्रमाने नाही, आठवेल तसं. कतारगामची खोली, पाळ्या, खाट. आमच्या गल्लीत लोक दोघंदोघं बसून कसे वाचतात ते. पान सेहेचाळीस. सरांच्या हातात त्यांची प्रत होती. मी बोलत असताना त्यांनी ती उघडली, आणि शेजारी बसलेल्या मॅडमकडे थोडी सरकवली. मॅडमनी उजवं पान धरलं. दोघं खाली बघून वाचू लागले, आणि माझं बोलणं तिथेच थांबलं, कारण मला ते बघायचं होतं.

सरांनी मान हलवली. मॅडमनी पान उलटलं.

शेवटी सर उभे राहिले. "तुमचे वडील आले आहेत का? मला त्यांना भेटायला आवडेल."

"नाही सर," मी म्हणाले. "आता त्यांची दिवसपाळी असते."

जिभाऊ मागून एवढ्या मोठ्याने हसले की शेजारची मुलगी दचकली. सरही हसले. पुढे दोन महिन्यांनी त्यांनी त्याच नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं, आणि त्याची सुरुवातच अशी होती की मी या कादंबरीतला एक माणूस कमी मोजला होता. जिभाऊंनी ते टिपण एकदाच ऐकलं. "आते ताणा बरोबर शे," म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

पण मला सांगायची आहे ती चर्चासत्राच्या दिवशीची संध्याकाळ. साडेसातला पप्पा आले. हातपाय धुऊन खाटेवर बसले.

"झालं का तुझं भाषण?"

मी सांगितलं, काय बोलले ते. पप्पा टॉवेलने बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "पुस्तक आण बरं."

पप्पांनी पुस्तकाची फक्त उजवी पानं वाचली होती. तीही, जिभाऊंनी आपलं बरोबर लिहिलंय का ते बघायला. डाव्या पानांचं विचारलं की म्हणायचे, "ते जिभाऊचं आहे. दुसऱ्याचं कशाला वाचायचं?" त्यामुळे मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखं उजवीकडेच जातील. त्यांनी डाव्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. पप्पा पाचवीपर्यंत शिकलेत, हळू वाचतात, एकेक शब्द ओठांनी म्हणत.

"सात वाजून गेले होते. खोलीत थंडी होती. खाटेवर गोधडी नीट पसरलेली होती. आत हात घातला तर ऊब तशीच होती."

पप्पांचं बोट तिथेच थांबलं. 

"मी उठलो की गोधडी पसरून ठेवायचो," ते म्हणाले. "ऊब जायला नको म्हणून. जिभाऊ थंडीचे यायचे ना."

उजव्या पानांवर हे कुठेही नाही. जिभाऊंनी इतके प्रश्न विचारले, तरी हे पप्पांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे, असं वाटलं असेल.

"म्हणजे जिभाऊला कळत होतं," पप्पा म्हणाले.

आईने जेवायला वाढलंय म्हणून हाक मारली. पप्पांनी पान उलटलं आणि पुन्हा डावीकडेच बोट ठेवलं.